फाइल सर्व्हरवर डिडुप्लिकेशन सुरू करताना: नव्याने स्टोरेज सांभाळणाऱ्यांसाठी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीचा फाइल सर्व्हर उघडून पाहिला, तर एकाच टेंडरच्या कागदपत्रांच्या सात-आठ प्रती वेगवेगळ्या फोल्डरांत सहज सापडतात. खरेदी विभागाने एक प्रत ठेवलेली असते, डिझाइन विभागाने तीच ‘फायनल’ या नावाने ठेवलेली असते, हिशेब विभागाकडे ती ईमेलने गेलेली असल्यामुळे तिथे तिसरी असते, आणि कोणी लांबच्या रजेवर जाताना आपले सगळे फोल्डर सहकाऱ्याच्या फोल्डरात उतरवून ठेवतो तेव्हा या सर्वांची पुन्हा एकदा भर पडते. यात दोष कोणाचाच नसतो; माणसे कामाच्या सोयीने प्रती काढतात. मात्र सर्व्हरची जागा ९० टक्के भरल्याचा इशारा येतो, तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावे लागते.

अशा वेळी ‘डिडुप (म्हणजे डिडुप्लिकेशन, सारखा मजकूर एकदाच साठवणे) चालू करून टाका’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो आणि बहुतेक वेळा तो योग्यही असतो. पण डिडुप चालू करण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. त्याआधीचे मोजमाप आणि त्यानंतरची देखरेख हेच खरे काम आहे, आणि नव्या माणसाला नेमके तेच कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात मी त्यावरच अधिक वेळ घालवणार आहे. उदाहरणे मुख्यतः विंडोज सर्व्हरची घेतली आहेत, कारण नोकरीच्या सुरुवातीला हाती बहुधा तोच येतो. मोठ्या स्टोरेज ॲरेचा (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या यंत्राचा) आणि बॅकअप यंत्रणांचा उल्लेख जिथे वेगळेपण आहे तिथे केला आहे.

आत नेमके काय घडते

डिडुप्लिकेशन म्हणजे दोन सारख्या फाइलींपैकी एक पुसून टाकणे, असा समज असेल तर तो आधी सोडावा. यंत्रणा फाइलीचे तुकडे पाडते. या तुकड्यांना चंक किंवा ब्लॉक म्हणतात. प्रत्येक तुकड्याचा हॅश काढला जातो, म्हणजे त्या तुकड्यातील मजकुरावरून गणिताने एक ठरावीक लांबीची खूण तयार केली जाते. तीच खूण आधी नोंदलेली असेल तर तुकडा पुन्हा न लिहिता जुन्या तुकड्याकडे बोट दाखवणारी नोंद केली जाते. खूण नवी असेल तर तुकडा साठवला जातो. त्यामुळे दोन फाइली पूर्ण सारख्या नसल्या, त्यांतला मोठा भागच सारखा असला, तरी तेवढ्या भागाची जागा वाचते.

तुकडे कसे पाडले जातात यावर बचत मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. हे ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या स्थानकांवरून चांगले समजते. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी यादी एका फाइलीत आहे असे समजा आणि दर दोन नावांनंतर कात्री लावा. ठाणे-ऐरोली, रबाळे-घणसोली, कोपरखैरणे-तुर्भे असे तीन तुकडे मिळतील. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव हे स्थानक सुरू झाले. यादीत ते नाव घातले आणि पुन्हा दर दोन नावांनंतर कापले, तर ठाणे-दिघा गाव, ऐरोली-रबाळे, घणसोली-कोपरखैरणे आणि शेवटी एकटे तुर्भे असे तुकडे मिळतात. जुन्या तीनपैकी एकही तुकडा नव्या यादीत उरला नाही. एक नाव वाढले आणि पुढचे सगळे सरकले.

आता नियम बदला: ज्या नावाच्या शेवटी ‘ए’ची मात्रा आहे त्या नावानंतरच कापायचे. जुन्या यादीचे तुकडे होतात ठाणे, ऐरोली-रबाळे, घणसोली-कोपरखैरणे, तुर्भे. नव्या यादीचे होतात ठाणे, दिघा गाव-ऐरोली-रबाळे, घणसोली-कोपरखैरणे, तुर्भे. चारपैकी तीन तुकडे जसेच्या तसे राहिले आणि फक्त एकच नव्याने साठवावा लागला. पहिल्या पद्धतीला ठरावीक आकाराचे चंक म्हणतात, दुसरीला बदलत्या आकाराचे. विंडोज सर्व्हरचे डिडुप साधारणपणे ३२ ते १२८ केबीच्या दरम्यान बदलत्या आकाराचे तुकडे पाडते. नेटॲप या कंपनीच्या ॲरेवर ४ केबीचा ठरावीक ब्लॉक असतो. तो इतका लहान आहे आणि व्हर्च्युअल मशीनच्या (एकाच यंत्रावर सॉफ्टवेअरने चालवलेल्या वेगळ्या संगणकाच्या) डिस्कवरचा मजकूर इतका नेमक्या सीमांवर बसतो, की तिथे ठरावीक आकारानेही चांगले काम भागते. बॅकअपच्या प्रवाहात मात्र मजकूर सतत सरकत असतो, म्हणून डेटा डोमेनसारख्या बॅकअप यंत्रणा बदलत्या आकाराच्या तुकड्यांवर उभ्या राहिल्या. २००९ मध्ये डेटा डोमेन ही कंपनी विकत घेण्यासाठी नेटॲप आणि ईएमसी या स्टोरेज कंपन्यांत चढाओढ झाली आणि ती ईएमसीकडे गेली, यावरून या तंत्राला तेव्हा किती मोल आले होते याची कल्पना येते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. मजकूर डिस्कवर लिहिण्याआधीच सारखेपणा तपासला जात असेल तर ते इनलाइन डिडुप, आणि आधी जसेच्या तसे लिहून नंतर सवडीने तपासले जात असेल तर पोस्ट-प्रोसेस. विंडोज सर्व्हर दुसऱ्या प्रकारात मोडतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आज १ टीबीची फाइल आली तर आज १ टीबीची मोकळी जागा लागणारच. बचत नंतर दिसेल.

पहिली पायरी: कोणता डेटा आहे ते पाहणे

बचत यंत्रणेच्या किमतीवर ठरत नाही, डेटाच्या स्वभावावर ठरते. मायक्रोसॉफ्टने आपल्या माहितीपत्रात दिलेले अंदाज असे आहेत: वापरकर्त्यांची कागदपत्रे, छायाचित्रे वगैरे ३० ते ५० टक्के, सर्वसाधारण मिश्र फाइल शेअर ५० ते ६० टक्के, सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यासाठी ठेवलेल्या फाइली ७० ते ८० टक्के आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क ८० ते ९५ टक्के. एकाच टेम्प्लेटवरून काढलेल्या ४० व्हर्च्युअल मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम चाळीस वेळा पडलेली असते, म्हणून शेवटचा आकडा इतका मोठा आहे.

उलट बाजूने, सीसीटीव्हीचे चित्रीकरण, जेपेग छायाचित्रे, एमपी४ आणि झिप यांत डिडुपला फारसे काही सापडत नाही, कारण कॉम्प्रेशनने त्यांतली पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली असते. तीच फाइल दोन ठिकाणी असेल तेवढीच बचत होते. एन्क्रिप्ट केलेला डेटा तर पूर्णच निरुपयोगी ठरतो. चांगल्या एन्क्रिप्शनचे कामच मुळी सारखा मजकूर वेगळा दिसेल असे करणे हे आहे. म्हणून क्रम नेहमी डिडुप, मग कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन असा असावा. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये एन्क्रिप्शनची खूण केलेली आहे आणि त्यामागे डिडुप करणारे महागडे यंत्र ठेवले आहे, अशी मांडणी मी प्रत्यक्षात पाहिली आहे. त्या यंत्रावर वर्षभर जवळजवळ शून्य बचत होत होती आणि सर्व जण यंत्राला दोष देत होते. एन्क्रिप्शन हवेच असेल, आणि बहुतेकदा ते हवेच असते, तर ते डिडुप करणाऱ्या यंत्रणेच्या आत, डिडुपनंतर करून घ्यावे.

सतत उघडे असलेले डेटाबेस फाइल सर्व्हरच्या डिडुपमधून सरळ वगळावेत. विंडोजमध्ये ३२ केबीहून लहान फाइलीही आपोआप वगळल्या जातात.

दुसरी पायरी: चालू करण्याआधी मोजणे

विंडोज सर्व्हरवर डिडुपचे फीचर इन्स्टॉल केले, की सिस्टिम३२ फोल्डरमध्ये डीडीपीइव्हॅल नावाचे छोटे साधन येते. ते दुसऱ्या मशीनवर कॉपी करूनही चालवता येते आणि त्याला एखाद्या फोल्डरचा किंवा नेटवर्कवरच्या शेअरचा पत्ता दिला, की तो डेटा फक्त वाचून किती बचत होईल याचा अंदाज मिळतो. डेटात काहीही बदल होत नाही. ज्या व्हॉल्यूमवर (डिस्कच्या स्वतंत्र ड्राइव्हवर) डिडुप आधीच चालू आहे, त्यावर मात्र ते चालत नाही. ते कार्यालय सुटल्यानंतर चालवावे, कारण सगळ्या फाइली वाचल्या जात असल्याने डिस्कवर ताण येतो.

माझा आग्रह असा, की संपूर्ण व्हॉल्यूमचा एकच आकडा घेऊन थांबू नये. विभागवार फोल्डर घेऊन प्रत्येकाचा अंदाज वेगळा काढावा. हिशेब विभागात उत्तम बचत आणि जनसंपर्क विभागाच्या व्हिडिओ फोल्डरात जवळपास काहीच नाही, असे चित्र दिसले तर कोणते फोल्डर वगळायचे हे तिथेच ठरते. एकूण अंदाज २० टक्क्यांच्या खाली येत असेल, तर मी डिडुपच्या फंदात पडू नये असेच सांगेन. त्यापेक्षा जुना डेटा स्वस्त डिस्कवर हलवणे सोपे आणि कमी जोखमीचे असते.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरत असाल तर झेडडीबी या साधनाच्या कॅपिटल एस या पर्यायाने पूर्ण पूलवर असाच अंदाज मिळतो. तिथे तर मोजल्याशिवाय पाऊल टाकूच नये, कारण तुकड्यांच्या खुणांची (हॅशची) यादी मेमरीत मावली पाहिजे. पारंपरिक झेडएफएस डिडुपमध्ये प्रत्येक वेगळ्या ब्लॉकमागे सुमारे ३२० बाइट लागतात असे धरले जाते. १२८ केबीचा ब्लॉक असेल तर १ टीबीमध्ये सुमारे ८४ लाख ब्लॉक होतात आणि यादीला अडीच जीबीच्या आसपास मेमरी लागते. ब्लॉक ८ केबीचा ठेवला तर हीच गरज सोळापट होऊन ४० जीबीवर जाते. यादी मेमरीत मावली नाही की प्रत्येक लेखनासाठी डिस्ककडे धाव घ्यावी लागते आणि सर्व्हर रांगू लागतो.

तिसरी पायरी: आधी बॅकअप, आणि रिस्टोर करून खात्री

ही पायरी सगळे जण ‘झाली आहे’ असे सांगतात. बॅकअपच्या अहवालातील हिरवी खूण पाहून समाधान मानू नये. पाच-सहा फोल्डर निवडावेत, ते वेगळ्या जागी प्रत्यक्ष रिस्टोर करावेत, आणि त्यांतल्या फाइली संबंधित विभागातल्या माणसाकडून उघडून घ्याव्यात.

याचे कारण डिडुपच्या रचनेतच आहे. पूर्वी एखादी फाइल खराब झाली तर कोणाच्या तरी फोल्डरात तिची दुसरी प्रत सापडायची. अनेकदा त्याच अनियोजित प्रतींनी आपल्याला तारलेले असते. डिडुपनंतर त्या सगळ्या प्रती एकाच तुकड्यावर टेकलेल्या असतात, आणि तो तुकडा असलेले डिस्कचे सेक्टर बिघडले तर सगळ्या एकदम जातात. विंडोज यावर काही प्रमाणात उपाय करतो: ज्या तुकड्याकडे शंभरहून अधिक ठिकाणांहून बोट दाखवले जाते, त्याची जादा प्रत ठेवली जाते. पण निन्याण्णव फाइलींचा आधार असलेल्या तुकड्याची अशी प्रत नसते. म्हणून व्हॉल्यूमच्या खाली योग्य रेड (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारी अनेक डिस्कची मांडणी) असावे आणि दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या शहरात, स्वतंत्र प्रत असावी. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी या भागात पाहिला आहे, त्यांना तळमजल्यावरच्या सर्व्हर रूमबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

चौथी पायरी: यंत्राची तयारी

विंडोज सर्व्हर २०१२ पासून हे फीचर आहे. ते एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या व्हॉल्यूमवर चालते आणि २०१९ पासून रीएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवरही चालते. ज्या व्हॉल्यूमवर ऑपरेटिंग सिस्टिम आहे तिथे ते चालू करता येत नाही, त्यामुळे डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर असला पाहिजे. मेमरीची किमान गरज ३०० एमबी आणि वर प्रत्येक टीबी मूळ डेटामागे ५० एमबी अशी सांगितलेली आहे. १० टीबीसाठी हे ८०० एमबी होते. पण ही केवळ तगून राहण्यापुरती मर्यादा झाली. काम वेळेत पुरे व्हावे असे वाटत असेल, तर टीबीमागे १ जीबी धरावी.

मोकळी जागाही लागते, आणि ती किती ठेवावी याबाबत मी कडक आहे. व्हॉल्यूम ९५ टक्के भरल्यावर डिडुपची आठवण झाली तर उशीर झालेला असतो, कारण तुकडे आधी नव्या जागी लिहिले जातात आणि मगच जुनी जागा सुटते. निदान १५ टक्के जागा मोकळी असतानाच काम सुरू करावे.

पाचवी पायरी: एकाच व्हॉल्यूमवर चालू करणे

सर्व्हर मॅनेजरमधून डेटा डिडुप्लिकेशन हे फीचर निवडून इन्स्टॉल करता येते. त्यानंतर पॉवरशेलमध्ये इनेबल-डिडुपव्हॉल्यूम ही कमांड ड्राइव्हचे अक्षर आणि वापराचा प्रकार देऊन चालवायची. प्रकार तीन आहेत: सर्वसाधारण फाइल सर्व्हरसाठी डिफॉल्ट, व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी हायपर-व्ही आणि बॅकअप साठवणाऱ्या सर्व्हरसाठी बॅकअप. प्रकार चुकीचा निवडला तर मोठे नुकसान होत नाही, पण कामाच्या वेळा आणि फाइली निवडण्याचे निकष बिघडतात.

डिफॉल्ट प्रकारात तीन दिवसांहून जुन्या फाइलीच हाताळल्या जातात. ही मर्यादा शून्यावर आणण्याचा मोह टाळावा. ज्या ड्रॉइंगवर आज तीन जण काम करत आहेत, तिचे तुकडे पाडून उद्या ते पुन्हा नव्याने पाडण्यात सर्व्हरची शक्ती वाया जाते. उलट इंजिनिअरिंगच्या कार्यालयात मी ही मर्यादा सात दिवसांपर्यंत वाढवतो. दुसऱ्या पायरीत ठरवलेले फोल्डर वगळण्याची यादीही इथेच द्यायची.

पहिली फेरी आपोआप सुरू होण्याची वाट न पाहता शुक्रवारी संध्याकाळी स्टार्ट-डिडुपजॉब या कमांडने ऑप्टिमायझेशनचे, म्हणजे फाइलींचे तुकडे पाडून जागा वाचवण्याचे काम स्वतः सुरू करावे. पहिल्या फेरीत सर्व जुना डेटा वाचला जातो, त्यामुळे ती शनिवार-रविवारभर चालू शकते. गेट-डिडुपजॉबने प्रगती पाहता येते.

सोमवारी सकाळी एक प्रश्न हमखास येतो. कोणी तरी फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडतो आणि घाबरून फोन करतो, की आकार १८ एमबी दिसतो पण डिस्कवरचा आकार शून्य दिसतो, म्हणजे फाइल रिकामी झाली का. फाइल सुरक्षित असते. तिचा मजकूर आता चंकच्या साठ्यात आहे आणि मूळ जागी फक्त त्या साठ्याकडे नेणारी नोंद उरली आहे, म्हणून डिस्कवरचा आकार शून्य किंवा अगदी लहान दिसतो. हे शुक्रवारीच ईमेलने सर्वांना कळवून ठेवावे. सोमवारची निम्मी धावपळ वाचते.

चंकचा हा साठा व्हॉल्यूमच्या सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या लपवलेल्या फोल्डरात असतो. जागा कोणी खाल्ली हे शोधणारे एखादे साधन चालवले, तर हाच फोल्डर सर्वांत मोठा दिसतो आणि नवखा माणूस तो ‘जादा’ समजून साफ करायला निघतो. तो फोल्डर पुसला तर व्हॉल्यूमवरची प्रत्येक ऑप्टिमाइझ केलेली फाइल जाईल. हे तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगा आणि सर्व्हरच्या नोंदवहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवा. याच कारणासाठी रोबोकॉपी या कॉपीच्या साधनाची मिरर पद्धत, जी मूळ जागी नसलेले सगळे दुसरीकडून पुसते, अशा व्हॉल्यूमच्या मुळाशी कधीही वापरू नये.

सहावी पायरी: आकडे नीट वाचणे

गेट-डिडुपव्हॉल्यूममध्ये बचतीचा दर टक्केवारीत मिळतो. गेट-डिडुपस्टेटसमध्ये वाचलेली जागा, मोकळी जागा, धोरणात बसणाऱ्या फाइली आणि त्यांपैकी ऑप्टिमाइझ झालेल्या फाइली दिसतात. शेवटच्या दोन आकड्यांतले अंतर आठवड्यागणिक वाढत असेल, तर काम डेटाच्या वाढीला पुरे पडत नाही असे समजावे आणि त्याला अधिक वेळ द्यावा.

मोठे ॲरे विकणारे मात्र टक्केवारीऐवजी गुणोत्तर सांगतात, आणि तिथे नवख्या माणसाची नजर चुकते. २:१ म्हणजे ५० टक्के बचत, ४:१ म्हणजे ७५ टक्के, १०:१ म्हणजे ९० टक्के आणि २०:१ म्हणजे ९५ टक्के. १०:१ आणि २०:१ हे ऐकताना दुपटीचा फरक वाटतो. १०० टीबी डेटावर पहिल्याला १० टीबी डिस्क लागते आणि दुसऱ्याला ५ टीबी. फरक ५ टीबीचा आहे. १:१ वरून २:१ वर जाताना मात्र तब्बल ५० टीबी वाचतात.

बॅकअपच्या बाबतीत गुणोत्तर आणखी फसवे असते. समजा, १० टीबी डेटा आहे, आठवड्याला २ टक्के बदलतो आणि बारा आठवड्यांचे बॅकअप ठेवायचे आहेत. दर आठवड्याला पूर्ण बॅकअप घेतला, तर बॅकअप सॉफ्टवेअरने एकूण १२० टीबी लिहिले. त्यांत पहिले १० टीबी आणि नंतर अकरा वेळा ०.२ टीबी एवढेच नवे, म्हणजे डिस्कवर सुमारे १२.२ टीबी गेले. गुणोत्तर जवळजवळ १०:१. आता तीच कंपनी पहिला पूर्ण बॅकअप आणि नंतर फक्त बदललेला भाग अशा पद्धतीवर गेली, तर सॉफ्टवेअरने मुळातच १२.२ टीबी लिहिले आणि डिस्कवरही तेवढेच गेले. गुणोत्तर १:१. डिस्क दोन्ही वेळी सारखीच लागली, पण पहिल्या अहवालात यंत्र चमत्कार करताना दिसते आणि दुसऱ्यात निकामी. म्हणून विक्रेत्याने गुणोत्तर सांगितले, की तुम्ही विचारायचे: कोणत्या प्रकारचा बॅकअप, किती आठवड्यांची साठवण आणि रोजचा बदल किती धरला आहे. खरेदीच्या करारात गुणोत्तराची हमी घेण्यापेक्षा, आपला एवढा डेटा एवढ्या आठवड्यांसाठी प्रत्यक्ष इतक्या टीबीत मावेल आणि न मावल्यास जादा डिस्क विक्रेता स्वखर्चाने देईल, असे लिहून घ्यावे.

सातवी पायरी: नियमित देखभाल

डिडुप व्हॉल्यूमवर १ टीबी पुसले म्हणून १ टीबी मोकळे होत नाही. पुसलेल्या फाइलींचे तुकडे इतर फाइली वापरत असतील तर ते राहतातच. आणि जे कोणीच वापरत नाही, तेही गार्बेज कलेक्शनचे काम चालेपर्यंत जागा धरून बसतात. विंडोजमध्ये हे काम सुरुवातीच्या मांडणीनुसार शनिवारी पहाटे २:३५ ला होते आणि साठ्याची तपासणी करून बिघडलेले तुकडे शोधणारे स्क्रबिंग ३:३५ ला. आपल्याकडे अनेक कंपन्यांचा आठवड्याचा पूर्ण बॅकअपही नेमका त्याच वेळी लावलेला असतो. तिन्ही कामे एकमेकांच्या वाटेत येतात आणि सर्वांत आधी जे अर्धवट राहते ते स्क्रबिंग, ज्याची उणीव कोणाला जाणवत नाही. या वेळा एका कागदावर मांडून वेगळ्या कराव्यात. गार्बेज कलेक्शन आणि स्क्रबिंग पूर्ण झाले का हे दर सोमवारी इव्हेंट लॉगमध्ये पाहावे.

स्नॅपशॉटचेही असेच आहे. ॲरेवर डिडुपच्या आधी काढलेले स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची टिपून ठेवलेली स्थिती) जुने ब्लॉक धरून ठेवतात, त्यामुळे काम यशस्वी होऊनही जागा सुटत नाही. ते स्नॅपशॉट मुदतीनुसार गेल्यावरच बचत दिसते. शक्य तिथे आधी डिडुप आणि मग स्नॅपशॉट, असा क्रम लावावा.

दोन लहान गोष्टी. फोल्डरवर कोटा लावलेला असेल, तर तो फाइलीच्या मूळ आकारावर मोजला जातो, त्यामुळे डिडुपने कोणाचा कोटा वाढत नाही. आणि विंडोज सर्च डिडुप झालेल्या फाइलींची अनुक्रमणिका करत नाही. ज्या विभागाचे काम मजकूर शोधण्यावर चालते, त्यांना हे आधी विचारून घ्यावे.

आठवी पायरी: परत फिरण्याची आणि हलवण्याची वाट

काही वर्षांपूर्वी मी काम करत होतो त्या कंपनीचे कार्यालय वागळे इस्टेटमधून महापे येथे हलले. जुन्या फाइल सर्व्हरवर वापरलेली जागा ४ टीबी दिसत होती, म्हणून नव्या सर्व्हरवर ६ टीबीचा व्हॉल्यूम केला आणि शुक्रवारी रात्री नेटवर्कवरून फाइली कॉपी करायला लावल्या. शनिवारी संध्याकाळी नवा व्हॉल्यूम भरला आणि कॉपी थांबली, तेव्हा कुठे लक्षात आले की मूळ डेटा ९ टीबीहून अधिक होता. फाइल नेटवर्कवरून वाचली, की तिचे तुकडे जोडून ती पूर्ण आकारात बाहेर येते. याला रीहायड्रेशन म्हणतात. सोमवारी सकाळी लोक नव्या जागी आले आणि दोन विभागांचे फोल्डर तिथे नव्हते. त्या आठवड्याची आठवण अजून बोचते, कारण दहा सेकंदांची एक कमांड चालवली असती तर ते टळले असते.

म्हणून हलवण्याआधी वापरलेली जागा आणि वाचलेली जागा यांची बेरीज करावी; मूळ डेटा तितका असतो. नव्या सर्व्हरवर डिडुप आधी चालू करावे, डेटा विभागवार टप्प्यांनी कॉपी करावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर ऑप्टिमायझेशन पूर्ण होऊ द्यावे. डिस्कच उचलून नेणार असाल, तर नव्या सर्व्हरवर विंडोजची तीच किंवा पुढची आवृत्ती आणि डिडुपचे फीचर असले, की व्हॉल्यूम जसाच्या तसा वाचता येतो. फाइलवार घेतलेल्या बॅकअपमधून रिस्टोर करतानाही हीच बेरीज लागू होते, आणि ती जागा आपत्तीच्या दिवशी शोधत बसण्याची नसते.

डिडुप बंद करायचे असेल, तर डिसेबल-डिडुपव्हॉल्यूम ही कमांड फक्त पुढचे काम थांबवते. आधी तुकड्यांत गेलेल्या फाइली तशाच राहतात. त्यांना मूळ रूपात आणण्यासाठी अनऑप्टिमायझेशन नावाचे काम चालवावे लागते आणि ते सुरू करण्याआधी वाचलेल्या जागेइतकी मोकळी जागा व्हॉल्यूमवर असावी लागते. लोकांनी तोवर ती जागा नव्या फाइलींनी भरलेली असते, त्यामुळे बहुतेकांना परत फिरता येत नाही. यासाठी पहिल्या दिवसापासून एका साध्या तक्त्यात दर सोमवारी चार आकडे लिहावेत: मूळ डेटा, वापरलेली जागा, वाचलेली जागा आणि मोकळी जागा. मोकळी जागा २० टक्क्यांच्या खाली गेली, की नव्या डिस्कची मागणी त्याच आठवड्यात पाठवावी, आणि मागणीत चारही आकडे द्यावेत, म्हणजे मंजुरी देणाऱ्याला मूळ डेटा किती वेगाने वाढतो आहे हे त्याच कागदावर दिसेल.